हर्ली की विल्यम्स?

दोघेही अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाली रचणारे खेळाडू), दोघांचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की आणि दोघांच्याही व्यावसायिक कारकिर्दीला अपघाताने खीळ घातली.

बॉबी हर्लीने 1991 आणि 1992 अशी सलग दोन राष्ट्रीय कॉलेज विजेतेपदं मिळवली. कॉलेज सोडताना त्याच्या नावावर 1,076 असिस्ट (सहकाऱ्याला गुण करून देणारे पास) होते, तेव्हाचा एनसीएए म्हणजे अमेरिकन कॉलेज स्पर्धांमधला विक्रम. जेसन (जे) विल्यम्सकडे विजेतेपद एकच, 2001 चं, पण स्वतः गुण करण्यात तो हर्लीच्या कितीतरी पुढे. त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, शेवटच्या मिनिटाला ड्यूक दहा गुणांनी मागे होता. प्रेक्षक ड्यूकची खिल्ली उडवत होते. विल्यम्सने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आठ गुण केले आणि सामना जादा वेळेत फिरवला.

पुढे हर्ली एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो संघात गेला. डिसेंबर 1993 मध्ये, अवघ्या 19 सामन्यांनंतर, घरी जाताना त्याच्या गाडीला दिवे न लावलेल्या गाडीने धडक दिली. सीटबेल्ट नव्हता, तो बाहेर फेकला गेला, श्वासनलिका फुफ्फुसापासून तुटली. तरी तो परतला, एकूण 269 सामने खेळला. सरासरी मात्र जेमतेम 3.8 गुण.

2002 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसरा निवडलेला विल्यम्स शिकागोकडून एकच हंगाम खेळला: 75 सामने, सरासरी 9.5 गुण. जून 2003 मध्ये मोटारसायकल खांबावर आदळली, हेल्मेट नव्हतं. एनबीएत तो पुन्हा उतरलाच नाही.

निव्वळ कॉलेजपुरतं बोलायचं तर माझं मत हर्लीला. प्रो म्हणून मात्र विल्यम्सच. तो पहिला हंगाम बऱ्यापैकी होता, आणि वय होतं अवघं 21.