इंजिन ऐकलं, बूम बघितलाच नाही

सेकंडहँड टेलिहँडलर, म्हणजे लांब होणाऱ्या दांड्यानं (बूमनं) वजन उचलणारं मशीन, घ्यायला निघाला असाल तर विसार देण्याआधी हे वाचा. माझं मशीन एका सेल्फात सुरू झालं, धूर काळा नाही की निळा नाही, आणि मी तिथंच खिशात हात घातला.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं. खव्याच्या भट्ट्या आणि दुधाच्या गाड्या, हाच इकडचा धंदा. २०१९ला चारा छावण्या लागल्या तेव्हा जनावरांसोबत आम्हीही छावणीतच झोपायचो. त्या सालानंतर मी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, करायला लागलो. आधी खड्ड्यात केला, मग पन्नास किलोच्या बॅगा भरल्या, आता मोठे गोल गठ्ठे करतो. एक गठ्ठा पाच-सहा क्विंटलचा. हमालाच्या पाठीवर तो येत नाही. ट्रॅक्टरचा लोडर ट्रकच्या दुसऱ्या थराला पोचत नाही. जेसीबीच्या बकेटनं उचलला तर दातानं प्लास्टिक फाटतं, आणि हवा शिरली की मुरघासाला बुरशी लागलीच. म्हणून टेलिहँडलर. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डाव्या अंगाला केबिन, उजवीकडं इंजिन, आणि मधोमध मागून पुढं आडवा पडलेला बूम. हा बूम रेडिओच्या एरियलसारखा एकातून एक बाहेर निघतो. आपल्याकडं सगळे या मशीनला लोडॉलच म्हणतात.

यार्ड आमच्या भागातलं नव्हतं, एका लांबच्या शहराबाहेरचं. प्रकरण मिटलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. सोबत चुलतभाऊ होता, तो बारा वर्षं जेसीबीवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा मशीन धुऊन, पिवळंधमक रंगवून उभं होतं. बॉनेटला हात लावला तर गरम. यार्डवाला म्हणाला, "आत्ताच बाजूला घेतलं मालक, तुम्ही येणार म्हणून." ऑगस्ट महिना, ऊनही होतं, मी काही मनावर घेतलं नाही.

"इंजिन ऐका नुसतं," तो म्हणाला. आम्ही ऐकलं. भावानं ऑइलची काडी बघितली, ब्रीदरवर (इंजिनातली वाफ बाहेर पडते त्या नळीवर) हात धरला, रेस करून बघितली. खरं सांगतो, इंजिन चांगलंच होतं, आजही आहे. पण आम्ही ट्रॅक्टरवाल्या नजरेनं बघत होतो. ट्रॅक्टरचा जीव इंजिनात आणि गिअरबॉक्सात असतो. टेलिहँडलरचा निम्मा जीव बूममध्ये असतो, आणि बूम त्यानं आम्हाला पाच मिनिटंच दाखवला. रिकामा, वर केलेला आणि अर्धाच बाहेर काढलेला.

माझे आजोबा हाळीच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला जायचे. शिंगं साळून, तेल लावून उभा केलेला बैल ते आधी चालवून बघायचे, बसवून उठवायचे, मगच दात. मी मात्र रंगावरच बसलो.

मीटरवर ३,८०० तास होते. मशीन नऊ वर्षांचं, म्हणजे वर्षाला सव्वाचारशे तासही नाहीत. "आधी कुठं होतं?" विचारल्यावर तो सहज बोलून गेला, जिनिंगवर. जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या १७० किलोच्या गाठी, सरकीचे ढीग, आणि हंगामात दोन-दोन पाळ्या. तिथं चाललेलं मशीन एवढ्याच तासांचं कसं? हा हिशेब मला घरी आल्यावर सुचला. सीट नवी होती, स्टेअरिंगवर नवं कव्हर होतं, पण ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. मीटर बदलता येतो. ते रबर बदलायला तो विसरला असावा.

साडेअकरा लाखांत ठरलं. पाचशेच्या बाँडवर लिहिलं, त्यात 'आहे त्या स्थितीत' हे तीन शब्द. पुढं प्रत्येक फोनला त्यानं मला तेच तीन शब्द ऐकवले.

पहिले चार दिवस सकाळी-सकाळी काम केलं, सगळं ठीक. पाचव्या दिवशी दुपारी दोन गाड्या भरायच्या होत्या. दीड तास चाललं असेल. गठ्ठा ट्रकवर धरला होता, पोरगा फाळक्याजवळ उभा. मी लिव्हर सोडलेला, तरी बूम खाली यायला लागला. हळू, पण येतच राहिला. पोराला ओरडलो, तो उडी मारून बाजूला झाला. मी घाबरून बूम पुढं ढकलला, आणि मागची चाकं जमिनीवरून उचलली. गठ्ठा ट्रकवर पडला म्हणून मशीन परत चार पायांवर आलं.

त्या संध्याकाळी फिटरला बोलावलं, आणि त्याच्याकडून जे कळलं ते असं. हायड्रॉलिकचं तेल गरम झालं की पातळ होतं आणि सिलिंडरच्या झिजलेल्या सीलमधून आतल्या आत गळतं. बाहेर थेंब दिसत नाही, पण बूम बसतो. भार धरून ठेवणारा व्हॉल्व्हही गेलेला होता. टाकीतलं तेल काढलं तर नको इतकं घट्ट; गळती लपावी म्हणून कुणीतरी जाड तेल मिसळलेलं. म्हणजे इंजिन थंड असताना बघायचं, कारण गरम इंजिन सहज सुरू होतं, आणि हायड्रॉलिक गरम झाल्यावर. यार्डवाल्यानं बरोबर उलटं केलं होतं.

मग बूम पूर्ण बाहेर काढला. आतल्या बूमच्या अंगावर बोटभर रुंद खरवड. एकात एक सरकणाऱ्या बूमच्या या पेट्यांच्या मध्ये नायलॉनचे पॅड असतात. ते झिजून संपले होते आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. बूमचं टोक हातानं ढकललं तर डावं-उजवं हलायचं. बाहेरच्या बूमच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, रंग खरवडला तर पट्टी मारून वेल्डिंग केलेलं. बूम बाहेर असताना सगळा भार नेमका तिथंच येतो. फिटर म्हणाला, "दाजी, हे तुमच्या लेकरावर पडलं असतं."

धोक्याचा लाल दिवा आणि बझर का वाजला नाही? वायर कापलेली. वजन पुढं झुकलं की ऑपरेटरला सावध करणारं ते यंत्र. सारखं वाजतं म्हणून जिनिंगवाल्यांनी तोडलं की यार्डात तोडलं, देव जाणे. केबिनमधला लोड चार्टही रंगाखाली गेला होता. तीन टनाचं मशीन म्हणजे बूम आत असताना तीन टन. जसजसा पुढं जाईल तशी ताकद घटते, ते त्या चार्टवर लिहिलेलं असतं. चार्ट दिसत नसेल तर मशीनवर चढूच नका.

गठ्ठा दाबून धरायच्या ग्रॅबला बूमच्या टोकाशी वेगळी हायड्रॉलिक लाइन लागते. ती आहे असं त्यानं सांगितलं होतं. नळी दिसत होती, पण मागं बूच मारलेलं होतं, म्हणजे लाइन बंदच. वजन उचलायचे पुढचे काटे टाचेशी (वाकतात तिथं) किती झिजलेत तेही मी मोजलं नव्हतं. मूळ जाडीच्या दहावा हिस्सा गेला की काटा बाद, हे मला आता माहीत झालंय.

कागदाचं थोडक्यात. आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर आणि त्यावर फायनान्सचा बोजा. "एनओसी आठ दिवसांत देतो" म्हणाला, आणि मी पैसे देऊन मोकळा. फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि तोवर मशीन तुमच्या नावावर होत नाही. सरकारच्या 'वाहन' या साइटवर नंबर टाकला असता तर निघायच्या आधीच कळलं असतं. पोलिसांत अर्ज दिलाय, वकिलाची नोटीस गेलीय. यार्डवाला फोन उचलतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सील किट, व्हॉल्व्ह, पॅड, तेल मिळून आतापर्यंत दोन लाख दहा हजार गेले. वेल्डिंगच्या पट्टीवर फिटरचा भरवसा नाही, म्हणून बूम बाहेर काढायचाच नाही असं ठरवलंय. बूम आत ठेवून, बकेट लावून शेणखत भरतो. गठ्ठ्यांना भाड्याचं मशीन येतं.

भूम-बार्शीकडं कधी येणं झालं तर ती खरवड आणि ती पट्टी हातानं बघून जा. फक्त दुपारी या, तेल गरम झाल्यावर.