इक्वेडोरच्या ज्वालामुखींमधून अकरा दिवस : आठ महिन्यांनंतरचे मत

2024 च्या ऐन दिवाळीत, घरच्यांची नाराजी पत्करून, आम्ही नवरा-बायको इक्वेडोरच्या डोंगराळ भागातील अकरा दिवसांच्या सहलीला गेलो. परतल्यावर लगेच लिहायला बसलो असतो तर फोटोंचे वर्णन झाले असते. आता आठ महिने उलटले आहेत, तिथून आणलेल्या वस्तू वापरून आणि धुऊन झाल्या आहेत, आणि आपण पैसे नेमके कशाचे मोजले हे बऱ्यापैकी कळून चुकले आहे.

माझ्या मते त्यातला मोठा भाग उंचीचा क्रम नीट लावल्याचा होता. क्विटो हे राजधानीचे शहरच 2850 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटर वर वसलेले आहे. पहिल्या दोन रात्री आम्हाला तिथेच ठेवले आणि सोनेरी वर्खाने मढवलेले ला कोंपान्यिआ चर्च व जुन्या शहरातील चौक यांपलीकडे काहीही करू दिले नाही. त्यानंतर थोडे उतरून ओताव्हालो हे बाजाराचे गाव, मग 3900 मीटरच्या आसपासचा किलोतोआ या ज्वालामुखी विवराचा काठ, मग कोतोपाक्सी आणि शेवटी चिंबोराझो हे ज्वालामुखी असा चढता क्रम होता, आणि दिवसा कितीही वर गेलो तरी मुक्काम मात्र तीन हजार मीटरच्या खालीच असे. आमच्याच हॉटेलात उतरलेले एक जोडपे विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी केबल कारने चार हजार मीटरवर जाऊन आले आणि पुढचे दोन दिवस डोके धरून खोलीत पडून राहिले. स्वतःच आखणी केली असती तर आम्हीही तेच केले असते, हे कबूल करायला हवे.

ओताव्हालोला आम्ही शनिवारी, 2 नोव्हेंबरला पोहोचलो. शनिवार हा तिथला मोठ्या बाजाराचा दिवस, आणि त्या वर्षी नेमका त्याच दिवशी मृतांचा सणही आला होता. पोंचोंच्या, म्हणजे डोक्यातून घालायच्या लोकरी वस्त्रांच्या, चौकात पांढरे भरतकाम केलेले पोलके, गळ्यात सोनेरी मण्यांचे पदर आणि खाली गडद वस्त्र अशा वेशातील किचवा या मूळनिवासी समाजाच्या बायका मालाच्या राशी मांडून बसल्या होत्या. स्मशानभूमीत कुटुंबेच्या कुटुंबे थडग्यांशेजारी कापड पसरून जेवत होती, आणि शेजारच्या कबरीवर आलेल्यांनाही आपल्यातले वाढत होती. काळ्या मक्याचे पीठ, बेरीची फळे, दालचिनी आणि लवंग घालून उकळलेली जांभळी कोलादा मोरादा आम्हालाही देण्यात आली. पितरांसाठी पान बाजूला काढून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्या बायकोला त्यात काहीच परके वाटले नाही. तिने दुसरा पेलाही घेतला.

दुपारी पेगुचे गावातील एका विणकराच्या घरी गेलो, आणि माझ्या लेखी सहलीतला सर्वांत मोलाचा तास तोच. निवडुंगावर वाढणारे कोचिनियाचे वाळलेले किडे त्याने तळहातावर चुरडले तेव्हा गर्द लाल रंग निघाला, त्यावर लिंबू पिळताच तो केशरी झाला आणि सोड्याची चिमूट पडताच जांभळा. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो हे ठाऊक असलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खरी लोकर ओळखण्याची खूणही त्यानेच दाखवली: धागा जाळला असता केस जळाल्यासारखा वास येऊन त्याची राख झाली तर ती लोकर, आणि वितळून कडक काळा मणी झाला तर ते ॲक्रिलिक.

ही खूण दुपारी कळली आणि आमची खरेदी सकाळीच आटोपली होती. चौकातून ‘शंभर टक्के अल्पाका’ (तिथल्या लामासारख्या प्राण्याची लोकर) म्हणून घेतलेल्या चादरीवर दुसऱ्या धुण्यातच गोळे आले. गेल्या महिन्यात तिचा एक धागा गॅसवर धरला आणि अपेक्षित मणी हातात आला. विणकराकडून घेतलेली लहान सतरंजी मात्र अजून जशीच्या तशी आहे. ती घोंगडीसारखी टोचते, म्हणून तिच्यावर बसायला कोणी तयार नसते, हा भाग वेगळा. सहलीच्या आयोजकांबद्दलची माझी पहिली तक्रार हीच आहे. विणकराची भेट बाजाराच्या आधी ठेवणे त्यांना सहज शक्य होते. चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात मात्र आम्हाला पाऊण तास बसवून ठेवले, तिथून काय मिळवायचे होते ते त्यांनाच ठाऊक.

किलोतोआच्या सुमारे तीन किलोमीटर रुंदीच्या विवरात हिरवट निळे सरोवर आहे. आमच्या वाट्याला तिथे दीड तास आला, त्यात खाली उतरलो आणि वर येताना दम लागल्यामुळे खेचर करावे लागले. कोतोपाक्सी 5897 मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. वाहनतळापासून 4864 मीटरवरील आश्रयगृहापर्यंतचा चढ डोळ्यांना क्षुल्लक दिसतो, परंतु तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 55 टक्के असल्याने भुसभुशीत राखेतून वीस पावले टाकायची आणि थांबायचे असे करत आम्हाला सव्वा तास लागला. वर पिशवी उघडली तेव्हा दिवाळीच्या चिवड्याचे पाकीट फुग्यासारखे तट्ट फुगलेले निघाले.

चिंबोराझो 6263 मीटर उंच आहे. विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगीर असल्यामुळे त्याचा माथा एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने 1802 मध्ये चढाईचा प्रयत्न केला, परंतु माथा पहिल्यांदा गाठला तो 1880 मध्ये इंग्रज गिर्यारोहक व्हिम्परने. आम्हाला तो डोंगर दिसलाच नाही. दिवसभर ढगात चाललो, विकुन्या या लामासारख्या रानटी प्राण्यांचा एक कळप जवळून पाहिला आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या ग्वामोते बाजाराला जाताना, पेट्रोल भरायला थांबलो असताना, मागे तो पाचेक मिनिटे उघडा पडला.

शाकाहारी मंडळींना एक सूचना करावीशी वाटते. बटाट्याचे मूळ घरच अँडीज असल्याने लोक्रो हे बटाटा-चीजचे दाट सूप आणि यापिंगाचो ही त्याचीच थापलेली टिक्की सर्वत्र मिळते. मात्र ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढेच सांगितले तर बशीत कोंबडी येऊ शकते, आणि सुपाचे पाणी मांसाचे आहे का हेही स्वतंत्रपणे विचारावे लागते. देशात 2000 पासून अमेरिकी डॉलरच चालतो, तेव्हा सुटे पैसे न्यावेत. वीसची नोट बाजारात मोडून मिळणे कठीण जाते.

त्या काळात दुष्काळामुळे जलविद्युत प्रकल्पांतील पाणी आटून देशभर भारनियमन चालू होते. याची कल्पना आम्हाला निघण्यापूर्वी द्यायला हवी होती. विजेरी असती तर रिओबांबाच्या हॉटेलात जिन्यावर चाचपडावे लागले नसते. बान्योसचे शेवटचे दोन दिवस गरम पाण्याच्या कुंडांत आरामात गेले, त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

मागील महिन्यात मी हे सर्व आयोजकांना सविस्तर कळवले. त्यांच्या यंदाच्या वेळापत्रकात किलोतोआसाठी अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस दिलेला दिसतो. चामड्याचे दुकान तसेच आहे.