ग्रास कटर मिसिंग मारतोय? नवीन कार्बोरेटर घ्यायच्या आधी ह्या मेस्त्रींना दाखवा

कुडाळवरून आमच्या गावाकडे वळलात की तिठ्यावर पत्र्याची शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही, बाहेर दोन-तीन उघडे पंप आणि एक जुना पॉवर टिलर पडलेला असतो, तेच दुकान. सगळे मेस्त्रीनू म्हणूनच हाक मारतात त्यामुळे नाव मीही विचारलं नाही.

झालं असं की चतुर्थी दहा दिवसांवर, घराभोवती नि कलमांत कमरेएवढं गवत, आणि आमचा टू स्ट्रोक ग्रास कटर ऐन वेळी रुसला. चालू व्हायचा, आयडलिंगला बरा चालायचा पण रेस दिली की बॉक्क करून बसायचा, परत दोरी ओढा, परत तेच. दोरी ओढून ओढून खांदा गेला माझा. आधी शहरात एका शोरूमच्या सर्व्हिसला टाकला, नाव नाही घेत. चार दिवस ठेवला, प्लग बदलला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) "साफ केला", साडेसातशे घेतले आणि घरी आणला तर जैसे थे!! फोन केला तर म्हणे कार्बोरेटरच नवीन टाका, चौदाशेचा आहे.

मग शेजारच्या काकांनी ह्या मेस्त्रींकडे पाठवलं. मला आवडलं ते हे की माणसाने पहिली पाच मिनिटं पान्याला हातच लावला नाही. मशीन चालू केलं, नुसतं ऐकलं. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, कारण झाकणातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि मशीन थोडं चालून मरतं. ते नव्हतं. मग चोक अर्धा ओढून रेस दिली, आणि काय आश्चर्य, मशीनने बऱ्यापैकी रेस घेतली! म्हणाले, हवा कमी केल्यावर बरा चालता म्हणजे पेट्रोल कमी पडता. एकतर कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय नाहीतर कार्बोरेटर पेट्रोल देत नाही. इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधल्या जॉइंटवर कार्ब क्लीनरचा फवारा मारला, आवाजात काहीच फरक नाही, म्हणजे गॅस्केट ठीक. टाकीतल्या पाइपच्या टोकाचा फिल्टर तारेने ओढून काढला, तोही साफ.

तेव्हा कुठे कार्बोरेटर खोलला. ह्या मशीनला जुन्या बाइकसारखा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो, कारण ते आडवंतिडवं धरून चालवायचं असतं, म्हणून आत पातळ पडदे असतात, डायफ्राम. एक इंजिनच्या आतल्या दाबाच्या धक्क्याने हलून पेट्रोल खेचतो, दुसरा किती सोडायचं ते बघतो. आमचे दोन्ही पापड झालेले! बोटाने दाबला तर टक् आवाज यायचा, नवा त्याच्या बाजूला ठेवला तर फुग्याच्या रबरासारखा लुसलुशीत. म्हणजे शोरूमवाल्यांनी कार्बोरेटर बाहेरूनच पुसला असणार, उलट सेटिंगचे स्क्रू मात्र मनसोक्त फिरवून ठेवले होते. नव्या पडद्यांचं किट १८० रुपये.

चूक माझीही आहे, कबूल करतो. गेल्या ऑक्टोबरात कापणी झाल्यावर उरलेलं पेट्रोल-ऑइलचं मिक्स तसंच टाकीत ठेवून मशीन माळ्यावर टाकलं ते थेट जूनला काढलं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ओलाव्याला काय तोटा. आता टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवायचं असं त्यांनी बजावलंय.

पडदे बदलल्यावर मशीन सुरेख चालू झालं पण फुल रेसला अजून दम लागत होता. मला वाटलं झालं, आता इंजिनचं काम काढणार. मेस्त्रींनी सायलेन्सर खोलला, तोंडाशी नाण्याएवढी बारीक जाळी असते ठिणग्या अडवायला, ती काळ्या काजळीने पार लिंपलेली. जाळी माझ्यासमोर धरून म्हणाले, "खाता बरा, पण भायर पडणा नाय, मगे पोट फुगतला नाय तर काय!" बर्नरवर लाल करून ब्रशने घासली, बसवली, कार्बोरेटरचे सेटिंगचे स्क्रू पूर्ण बंद करून साधारण सव्वा फेरा मागे घेतले आणि कानाने सेट केलं. मशीन असं काय किंचाळलं, समोरच्या हॉटेलातला माणूस बाहेर आला बघायला.

जाळी का बुजली तर आमचा गडी पेट्रोलात मिसळायचं टू टी ऑइल अंदाजपंचे ओततो. आमच्या मशीनला लिटरला २० मिली सांगितलंय, हा बाबा ढळाढळा घालणार. मेस्त्रींनी सांगितलं म्हणून मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणून डब्याला बांधून ठेवलीय.

मजुरी १५० फक्त. किट धरून ३३०.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच उचलत. बिल मागू नका, मिळणार नाही. "उद्या देतंय" म्हणजे परवा-तेरवा समजा, माझं तासाभरात झालं कारण मी तिथेच स्टुलावर ठाण मांडून बसलो होतो. फोर स्ट्रोक मशीन घेतात पण त्याचे पार्ट आपण आणून द्यायचे. सकाळी नवाच्या आत जा, नंतर गर्दी होते. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी वगैरे गेलात तर शेडला कुलूपच दिसेल, ते स्वतः घरी गणपतीच्या वरची माटवी बांधत असतात.