गाडी बुटकी करून देतो म्हणाला, स्प्रिंगच कापली

माझी उंची पाच फूट दोन इंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या आकड्यामुळे कमी आणि त्याची मला वाटणाऱ्या लाजेमुळे जास्त झाला.

गेल्या दिवाळीत जुनी हिमालयन ४११ मोटरसायकल घेतली. सीटची उंची ८०० मिलिमीटर, वजन २०० किलोच्या घरात. बसलो की पायांची नुसती बोटं टेकायची. साताऱ्यातले रस्ते तर तुम्हाला माहीतच आहेत, चढ नाहीतर उतार. पोवई नाक्यावर एकदा थांबताना डावा पाय खड्ड्यात गेला आणि गाडी अलगद आडवी झाली. दोन पोरांनी उचलून दिली. त्यातला एक जाता जाता म्हणाला, “काका, स्कूटी घ्या की.” ते वाक्य जिव्हारी लागलं आणि त्याच आठवड्यात मी शहरातलं एक मॉडिफिकेशनचं दुकान गाठलं.

दुकान चकाचक, मालकाचं बोलणं मधाळ. “दीड इंच खाली घेतो दादा, कंपनीसारखं काम. लोअरिंग लिंक, म्हणजे मागची बाजू खाली बसवणाऱ्या पट्ट्या, बाहेरून मागवतो, सीटमध्ये जेल टाकतो, स्टँड कापून बसवतो आणि आरटीओची नोंदपण मीच करून देतो.” सगळं मिळून १४,५००. त्यातले ८,००० ॲडव्हान्स, तेही “भावाच्या नंबरवर टाका, माझ्या ॲपचं लिमिट संपलंय.” मी टाकले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, काम झाल्यावर देतो. दुकानात चार पोरं उभी होती आणि त्यांच्यासमोर माझ्या उंचीची चर्चा लवकर संपावी एवढंच मला हवं होतं. कुठली लिंक, किती लांबीची, जुने पार्ट परत देणार का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही.

अकरा दिवसांनी गाडी मिळाली. बसलो आणि दोन्ही चवडे टेकले! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. उरलेले पैसे तिथेच दिले. बिल? “प्रिंटर बंद आहे, व्हॉट्सॲपला पाठवतो.”

पहिली शंका रात्री आली. कोरेगाव रस्त्याला समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. मागची बाजू खाली गेली, पुढची होती तिथेच राहिली, त्यामुळे हेडलाइटचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. हँडलही पुढून हलकं लागत होतं. मी मनाची समजूत घातली की सवय होईल. मग एका रविवारी बायकोला मागे बसवून यवतेश्वर घाटातून कासकडे निघालो. प्रत्येक खड्ड्यात मागून ‘ठक्’, आणि एका वळणावर टायर मडगार्डला घासल्याचा स्पष्ट खर्रर्र आवाज. बायको म्हणाली, “परत फिरा, आत्ताच्या आत्ता.” फिरलो.

कोरेगावात एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडी डबल स्टँडला लावली, खाली वाकून मोनोशॉकच्या, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकअपच्या, स्प्रिंगला हात घातला आणि ती चक्क हातानं गोल फिरवून दाखवली. मागचं चाक अधांतरी असतानाही स्प्रिंग घट्ट दाबलेलीच हवी, ती अशी सैल फिरता कामा नये. मग बॅटरी मारून टोक दाखवलं. मूळ स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं सपाट घासलेलं असतं, नीट बसावं म्हणून. माझ्या स्प्रिंगचं टोक ग्राइंडरनं तिरकं कापलेलं आणि वरून काळा स्प्रे. जवळजवळ दोन वेटोळी गायब. लिंकच्या पट्ट्या? मूळच्याच, आधीच्या चिखलासकट. त्या बोल्टला पानासुद्धा लागला नव्हता.

मामांनी चहा पिता पिता समजावलं ते असं. खरं काम करायचं तर मागे थोड्या लांब लिंक लावतात, त्यानं मागची बाजू खाली बसते, स्प्रिंगला हात लागत नाही. पुढे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्या टीमधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतून, त्याच बेतानं वर सरकवतात, म्हणजे गाडीचा तोल तसाच राहतो. साइड स्टँड तेवढाच आखूड करावा लागतो, नाहीतर गाडी उभीच्या उभी राहते आणि वाऱ्यानंही पलीकडे पडते. एवढं करूनही २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यातलं अंतर, कमी होतोच आणि भरलेल्या गाडीचं टायर वर घासतं का हे तपासावंच लागतं. कापलेल्या स्प्रिंगला मात्र दबायला जागाच उरत नाही, आणि चाक हवेत गेलं तर ती जागेवरून सरकू शकते. “घाटात सरकली असती म्हणजे?” मी विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही, कप खाली ठेवला.

सीट उसवली. जेल नव्हतंच, तुकडे चिकटवलेला फोम होता. ‘आरटीओ नोंदी’चे १,५०० तर मी निव्वळ अडाणीपणाचे दिले, आरसी बुकात सीटच्या उंचीचा रकानाच नसतो, नोंद करणार कशाची?

दुकानात गेलो तर मधाळपणा संपलेला. “तुम्हीच म्हणालात कशीपण करून खाली घ्या. आता उंचीच एवढी असल्यावर गाडी काय करणार?” पोरं हसली. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. माझ्याकडे होता एका अनोळखी नावावर गेलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट. तक्रार नोंदवून घेतली आहे, बघू. बाकीचे पैसे तर रोख दिले होते, त्यांचा मागमूसही नाही.

पुण्याहून न कापलेला जुना मोनोशॉक ६,५०० ला आणला. मामांनी तो बसवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, सैल केला, आणि एका सीटवाल्यानं माझ्यासमोर बसून, मला तीनदा गाडीवर बसवून, फोम पुढून निमुळता केला. ७०० रुपये. जाड सोलचे बूट घेतले. आता थांबताना ढुंगण थोडं डावीकडे सरकवतो, एक पाय पूर्ण टेकतो, दुसरा ब्रेकवर. स्कूटीवाला पोरगा परत भेटला नाही.

कापलेली स्प्रिंग मी फेकलेली नाही. कोणी साताऱ्यात अशा कामाला गाडी टाकणार असेल तर आधी घरी या, टोक कसं दिसतं ते दाखवतो.