जांभळी नाक्याचं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान

गेल्या श्रावणात मी नवीन मिक्सर घ्यायलाच निघाले होते. चटणी वाटताना खालच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या, जळका वास आला. कंपनीचा माणूस घरी आला, मिक्सर उघडलासुद्धा नाही. ‘मोटार गेली, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका,’ म्हणाला आणि भेटीचे साडेतीनशे रुपये घेऊन गेला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगं थांब, आधी जांभळी नाक्याला दाखव.’

ठाणे स्टेशनहून पश्चिमेला बाजारपेठेतून चालत यायचं. कौपिनेश्वर मंदिराजवळ भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत हा गाळा आहे. रुंदी जेमतेम सहा फूट. पाटी नाही, पण बाहेर खिळ्यांना कुकरच्या रिंगा लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या असतात, त्यावरून लगेच सापडतो.

दुकानातल्या काकांनी मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले आणि दोन्ही बाजूंचे कार्बन बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. शेजारी नवीन जोडी ठेवली. नवीन कार्बन बोटाच्या पेराएवढा, माझा झिजून तुरीच्या डाळीएवढा उरलेला, मागची स्प्रिंग पार ताणलेली. ‘ताई, मोटारीला वीज यांच्यातून जाते. हे झिजले की नीट टेकत नाहीत, म्हणून ठिणग्या.’ मग आतला तांब्याचा भाग बारीक पॉलिश पेपरने पुसला, कार्बन बसवले आणि मिक्सर चालवून दाखवला. मजुरीसकट १८० रुपये. जुने कार्बन पुडीत बांधून परत दिले. सुटा केलेला प्रत्येक भाग ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात. मला या दुकानाचं सगळ्यात जास्त हेच पटलं.

तेव्हापासून मी पाच-सहा वेळा गेले. भांड्याखालचा, मोटार आणि पातं जोडणारा कपलर तुटला, ६० रुपये. तो रबराचा का असतो तेही त्यांनी सांगितलं: पातं अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटार वाचावी म्हणून. एकदा मिक्सर अजिबातच सुरू होईना. काकांनी तळाचं लाल बटण दाबलं आणि तो चालू झाला. जास्त भार आला की ते बटण आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. पाच मिनिटं थांबून दाबायचं, बस. त्या दिवशी त्यांनी एक रुपया घेतला नाही. आता ओळखीत कुणाचा मिक्सर बंद पडला की मी आधी बटण बघायला सांगते.

कुकरची रिंग सैल झाली की आपण ती धुऊन, पाण्यात भिजवून ओढत राहतो. ही काटकसर महाग पडते. वाफ कडेने निघून जाते, दाब चढत नाही, शिट्टी उशिरा होते, तेवढा वेळ गॅस जळतो. दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, डाळ लवकर शिजते ती त्यामुळेच. दाबच धरला नाही तर ते साधं पातेलंच झालं. आमच्याकडे सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची पद्धत सासूबाईंनी घातली आहे. रिंग बदलल्यानंतरचा सिलिंडर चार दिवस जास्त गेला. पाहुणे कमी होते हेही खरं, पण सकाळची डाळ लवकर होते हा फरक मला रोज दिसतो.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत काका ऐकत नाहीत. कुकर ज्या कंपनीचा, व्हॉल्व्हही त्याच कंपनीचा. पाणी संपून कुकर तापला की त्यातला धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते, म्हणून स्वस्तातली नक्कल ते ठेवतच नाहीत. माझ्या आईचा जुना पाच लिटरचा कुकर घेऊन गेले, तर तळ फुगलेला बघून त्यांनी झाकण हातात घेतलं आणि म्हणाले, ‘हा आता लावायचा नाही ताई, भंगारात द्या.’ मजुरी मिळत असताना दुरुस्तीला नाही म्हणणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. कुकर भंगारात दिला. ॲल्युमिनियमला किलोवर भाव मिळतोच.

उणिवाही सांगते. इंडक्शन, मायक्रोवेव्ह ते घेत नाहीत. पावती मिळत नाही, आणि दुरुस्तीची हमी फक्त तोंडी असते, मला मात्र ती एकदा पाळलेली दिसली. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे चालत किंवा रिक्षाने जा. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. फराळासाठी लोकांचे मिक्सर दारापर्यंत रांगेत असतात, तीन-चार दिवस सहज जातात.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र नेणार आहे. दांड्याचा स्क्रू झिजला आहे आणि होळी जवळ आली आहे.