कॅरॅव्हॅन-ट्रेलरसाठी टायरच्या हवेचा मॉनिटर : इंदूरची थंडी, उन्हाळा आणि पहिला पाऊस काढल्यानंतर

ट्रेलरच्या चाकातली हवा गेली तर ते स्टिअरिंगवर कळत नाही. गाडीचं पुढचं चाक बसलं की गाडी एका बाजूला ओढू लागते. मागे हुकला लावलेल्या कॅरॅव्हॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, चाक मात्र रिमवर येईपर्यंत पुढे गाडी चालवणाऱ्याला पत्ता नसतो. दोन ॲक्सलच्या, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन चाकं असलेल्या ट्रेलरमध्ये धोका दुप्पट, कारण एका चाकाची हवा गेली की त्याच बाजूचं दुसरं चाक सगळं ओझं घेतं, ट्रेलर फारसा कलत नाही, आणि ते दुसरं चाक तापून फुटतं. कमी हवेत साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याची उष्णता आत साठते, आणि रबर आतल्या तारांपासून सुटतं. ही वेळ येण्याआधी मिळणारी सूचना विकत घेता येते, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमचा संच असा : व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे दहा सेन्सर, डॅशबोर्डवरचा डिस्प्ले आणि १२ व्होल्टवर चालणारा रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पुढे डिस्प्लेपर्यंत पोचवणारा डबा. चार सेन्सर गाडीला, चार ट्रेलरला, दोन स्टेपन्यांना. वापर मुख्यतः आग्रा-मुंबई रस्त्यावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर मानपूर, खलघाट, सेंधवा, धुळे असा. शिवाय खंडवा रोडचा भेरूघाट आणि मांडू-महेश्वर. संच कामाचा आहे आणि घ्यावाच. पण त्याचा उपयोग डिस्प्लेच्या रंगीत चित्रांवर ठरत नाही. तो ठरतो व्हॉल्व्हवर, वजनकाट्याच्या चिठ्ठीवर आणि अलार्मच्या आकड्यांवर.

खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न : सेन्सर जास्तीत जास्त किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मोजतो? गाडीत ३३ ते ३६ पीएसआय असते, ट्रेलरच्या एलटी (हलक्या ट्रकच्या) किंवा एसटी (खास ट्रेलरसाठी बनवलेल्या) टायरमध्ये ५०, ६५, कधी ८०. फक्त कारसाठी बनवलेल्या बऱ्याच संचांची मर्यादा याच्या खालीच संपते. दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा : अलार्म प्रत्येक ॲक्सलला वेगळा लावता येतो का? सगळ्या चाकांना एकच खालचा आणि एकच वरचा आकडा असेल तर गाडी आणि ट्रेलर एका संचात बसूच शकत नाहीत. तिसरा प्रश्न : ट्रेलर सोडून नुसती गाडी घेऊन बाजारात गेलो तर ट्रेलरचा गट बंद करता येतो का? नाही तर ‘सिग्नल नाही’ म्हणून डिस्प्ले वाजत राहतो, आणि दोन दिवसांत माणूस आवाज बंद करून टाकतो. आवाज बंद केलेला मॉनिटर असून नसल्यासारखा.

फोनच्या ॲपवर चालणारे ब्लूटूथ सेन्सर गाडीला ठीक आहेत. ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलपासून ड्रायव्हरपर्यंतचं अंतर आणि मधली पत्र्याची भिंत पाहता त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ सिग्नलवर चालणारा संच आणि सोबत रिपीटर हेच घ्या. रिमच्या आत बसणारे सेन्सर चोरीला जात नाहीत, पाण्या-धुळीत सुरक्षित असतात आणि तापमान टायरच्या आतलं दाखवतात. पण बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो. नवे टायर टाकणारच असाल तर आतले बसवा. चालू टायरला बाहेरचे बरे.

आता व्हॉल्व्ह. सगळा घोळ इथेच होतो. रिमच्या भोकात ओढून बसवलेला नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह, म्हणजे टीआर ४१३, कमाल ६५ पीएसआयसाठी असतो. तो ट्रेलरला आधीच मर्यादेवर चालतो, त्यात टोकाला सेन्सरचं वजन चढतं. चाक फिरताना हे वजन व्हॉल्व्हला बाहेर खेचतं, खड्ड्यात हलवतं, आणि रबराला बुडाशी बारीक चीर पडते. ती चीर सरळ उभ्या व्हॉल्व्हवर दिसत नाही. अंगठ्याने व्हॉल्व्ह कडेला वाकवा, म्हणजे मुळाशी काळ्या रबरात केसाएवढी रेघ उघडते. रेघ दिसली की तो व्हॉल्व्ह बाद. सेन्सर लावायचे तर ट्रेलरच्या सगळ्या चाकांना नटाने कसायचे धातूचे व्हॉल्व्ह टाकून घ्या. रिमचं भोक साधारण ११.५ किंवा १६ मिलिमीटरचं असतं, म्हणून इंदूरच्या सियागंज बाजारात घ्यायला जाताना आधी मोजून जा. नट कसताना रबरी वॉशर फुगून बाजूने बाहेर आला तर जास्त कसलंय, आणि तो लवकर फाटणार.

व्हॉल्व्ह पितळी निवडा. पितळ आणि ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांवर घट्ट बसले आणि त्यात पावसाचं पाणी गेलं की पांढरी भुकटी धरते, जोड जाम होतो, आणि सेन्सर काढताना व्हॉल्व्हच पिळवटतो. सेन्सरच्या आतले आटे कुठल्या धातूचे आहेत ते पाहून घ्या. शंका असेल तर आट्यांवर अँटी-सीझ पेस्टचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या) एक ठिपका लावा, मात्र पेस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या पिनवर जाऊ देऊ नका.

बसवण्याचा क्रम आम्हाला सोयीचा वाटला तो असा. आधी घरात टेबलावर सगळे सेन्सर डिस्प्लेला जोडून घ्या आणि प्रत्येकावर मार्करने चाकाची जागा लिहा. मग टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी असताना, हवा ठरलेल्या आकड्यावर आणा. चोरीविरोधी षटकोनी नट आधी व्हॉल्व्हवर पूर्ण खाली फिरवा, त्यावर सेन्सर हाताने बसवा. फुस्स आवाज बंद झाल्यावर आणखी पाव फेरा पुरे. मग पातळ पान्याने नट वर आणून सेन्सरला टेकवून कसा. शेवटी साबणाचं पाणी लावा, सेन्सरच्या कडेलाही आणि व्हॉल्व्हच्या बुडाशीही. सेन्सर बसला की व्हॉल्व्हची पिन कायम दाबलेली राहते, म्हणजे हवा अडवण्याचं काम आता सेन्सरच्या आतल्या रबरी रिंगकडे आलेलं असतं. म्हणूनच हळूहळू हवा उतरायला लागली तर पंक्चर शोधण्याआधी ही रिंग पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे पुन्हा तपासा.

हवा किती भरायची हे टायरच्या दुकानातल्या भय्याला विचारून ठरवू नका. पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर, सामान, सगळं भरून ट्रेलर गाडीला जोडलेल्या स्थितीत देवास नाका किंवा लोहामंडीकडच्या एखाद्या धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर न्या आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवून चिठ्ठी घ्या. ते वजन चाकांत वाटा, पण सारखं वाटू नका. ओटा आणि टाकी ज्या बाजूला असतात ती बाजू जड असते, म्हणून एका चाकावरच्या हिशेबात दहा टक्के जास्त धरा. साइडवॉलवर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) १०२ असेल तर तो टायर ८५० किलो पेलतो, १०० असेल तर ८००. पण ही क्षमता कंपनीने त्या वजनासाठी सांगितलेल्या हवेलाच असते, कमी हवेत ती कमी होते. एसटी टायरला साइडवॉलवर छापलेली कमाल थंड हवाच ठेवावी, एलटीला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. गाडीच्या मागच्या चाकांना दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा ‘पूर्ण भार’ हा आकडा, कारण हुकवरचं वजन त्यांच्यावरच येतं.

अलार्मचे आमचे आकडे ६५ पीएसआयच्या ट्रेलर टायरसाठी : खालचा ५८, वरचा ७८, तापमान ७० अंश. म्हणजे खाली दहा टक्के, वर वीस. अमेरिकेत गाड्यांसाठी असलेला एफएमव्हीएसएस १३८ हा नियम २५ टक्के हवा कमी झाल्यावर दिवा लागला तरी चालतो असं मानतो. ६५ च्या हिशेबात ते ४९ पीएसआयच्या आसपास येतं, आणि भरलेल्या ट्रेलरला ते फारच उशिराचं आहे. विकत आणलेल्या संचातही खालचा आकडा पुष्कळदा असाच सैल लावलेला असतो. तो तसाच ठेवू नका.

इंदूरच्या हवेत हे आकडे मोसमाप्रमाणे पाहावे लागतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत ६५ भरलेला टायर डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे, एक फुगाही न सुटता, ५७-५८ दाखवतो. सेन्सर वाजतो आणि लोक सेन्सरला दोष देतात. उलट डिसेंबरच्या पहाटे ६५ भरून तशीच ठेवलेली हवा मेच्या दुपारी उभ्या उभ्या ७३ होते. साठच्या घरातल्या टायरला दर दहा अंशांमागे साधारण अडीच पीएसआय असा हिशेब लक्षात ठेवा. गाडीच्या टायरला तोच हिशेब दीडच्या आसपास येतो. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा पहाटे हवा नव्याने लावली की खोटे अलार्म जवळजवळ थांबतात. उंचीचा फरक मात्र डोक्यात घेऊ नका. इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे, नर्मदाकाठ चारशे मीटर खाली, आणि त्याने जेमतेम अर्धा-पाऊण पीएसआय हलतो.

रस्त्यावर एकेक आकडा पाहून फारसं कळत नाही, जोडीची तुलना करायची. चालताना ६५ चे ७१-७२ होणं नेहमीचं, मेमध्ये ७५ सुद्धा. सकाळी धुळ्याकडे निघालं की डावी बाजू उन्हात असते आणि त्या बाजूची चाकं दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. हे ऊन आहे, बिघाड नाही. पण एकाच ॲक्सलवर सावलीतलं चाक उन्हातल्या चाकापेक्षा गरम दिसू लागलं तर थांबा. मानपूरच्या पुढचा उतार संपल्यावर हे हमखास पाहावं. एका चाकाचं तापमान दुसऱ्यापेक्षा दहा-बारा अंशांनी वर असेल तर ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग तापतंय. बाहेरचा सेन्सर टायरच्या आतलं तापमान मोजत नाही, व्हॉल्व्हच्या टोकाचं मोजतो, त्यामुळे आकडा खरा मानू नका, फरक खरा माना. आणि गरम टायरची वाढलेली हवा कधीही सोडू नका. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा राहतो.

तक्रारी आहेत. रिपीटर दिव्यांच्या वायरवर जोडला तर तो फक्त हेडलाइट लावल्यावर चालतो, म्हणून ट्रेलरच्या बॅटरीवरून एक अँपिअरच्या फ्यूजसह वेगळी लाइन द्या. त्याची जागा ट्रेलरच्या पुढच्या भिंतीजवळ, पण ॲल्युमिनियमच्या कपाटात नको, धातू सिग्नल अडवतो. डिस्प्ले डॅशकॅमला चिकटून ठेवला की मागची चाकं गायब होतात, हातभर लांब सरकवला की परत येतात. सोलरवर चार्ज होणारा डिस्प्ले काचेमागे उन्हात ठेवायचा असतो आणि आतल्या लिथियम बॅटरीला तेच सोसत नाही. आमच्या डिस्प्लेची पाठ उन्हाळ्यात फुगली, विक्रेत्याने बदलून दिली नाही. गाडी उभी केली की डिस्प्ले काढून ग्लोव्हबॉक्समध्ये टाका आणि यूएसबीवर चार्ज करा.

आणखी एक. सेन्सर दर सेकंदाला बोलत नाहीत, नेहमीच्या स्थितीत काही मिनिटांनी एकदा आकडा पाठवतात. हवा झपाट्याने उतरली तर लगेच पाठवतात. त्यामुळे निघताना जुना आकडा दिसत असेल तर थोडं चालू द्या, मगच निष्कर्ष काढा. पेट्रोलपंपाच्या गेजशी ताळमेळ बसेल अशी अपेक्षाही नको. आपलं एक चांगलं डिजिटल गेज ठेवा आणि सेन्सर त्याच्याशी जुळवून पाहा, दोन पीएसआयपर्यंत फरक चालतो. १२ व्होल्टचा कंप्रेसर १०० पीएसआयपर्यंत जाणारा आणि बॅटरीला चिमट्याने जोडायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवर ६५ पर्यंत पोचायच्या आत फ्यूज जाऊ शकतो.

चाकं अदलाबदल केली किंवा स्टेपनी लावली तर सेन्सर जागेप्रमाणे पुन्हा लावा, नाही तर डिस्प्ले भलतंच चाक दाखवेल. बाहेरच्या सेन्सरमध्ये बहुधा सीआर १६३२ बटण बॅटरी असते. ती बदलताना रबरी रिंगही बदला आणि तारीख सेन्सरवर लिहा. ट्रेलर पावसाळाभर उभा राहणार असेल तर सेन्सर काढून डब्यात ठेवा, व्हॉल्व्हवर धातूच्या टोप्या लावा आणि हवा साइडवॉलवरच्या कमाल आकड्यावर ठेवा. परत लावताना आट्यांवरची भुकटी जुन्या टूथब्रशने साफ करा, साबणाचं पाणी पुन्हा एकदा लावा, मगच डिस्प्ले चालू करा.