रंगाच्या बादलीचा आईसबॉक्स: थर्माकोल, भुसा, फोम की सरळ विकतचा?

कूलर म्हटलं की जळगावकडच्या माणसाला खिडकीत घुरघुरणारा, वाळ्याच्या ताट्यांचा डबा आठवतो. म्हणून आधीच सांगतो, हे त्या कूलरबद्दल नाही. बर्फ आणि थंड बाटल्या दिवसभर सांभाळेल अशा बादलीबद्दल आहे. चुलतभावाने एसटी स्टँडबाहेर ताकाची गाडी लावायची ठरवली आणि विचारलं, "दादा, विकतचा आईसबॉक्स परवडत नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या पडल्यात, त्यांचं काही होईल का?" होतं. फक्त कशाने, हे तुम्ही कुठे राहता आणि ती बादली किती वेळा उघडणार यावर ठरतं.

आधी काहीच न करता काय होतं ते बघू. एक किलो बर्फ वितळायला साधारण 334 किलोज्यूल उष्णता लागते. वीस लिटरच्या बादलीचं तळ-झाकण धरून अंग जवळपास अर्धा चौरस मीटर भरतं. बाहेर सावलीत 40 अंश आणि आत शून्य असेल, तर नुसत्या प्लॅस्टिकमधून एवढी उष्णता आत शिरते की ताशी सव्वा ते दीड किलो बर्फ जातो. म्हणजे सकाळी दहाला पाच किलो टाकला तर दोनपर्यंत पाणी. त्याच बादलीला सगळीकडून अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर थर्माकोल लावलं, की हाच हिशेब ताशी पाव किलोवर येतो. कागदावर पाच किलो बर्फ वीस तास टिकतो. प्रत्यक्षात झाकण उघडलं जातं, कोमट बाटल्या आत जातात, तेव्हा बारा-चौदा तास धरा. ताकवाल्याला तेवढे पुष्कळ.

हे काम थर्माकोल करत नाही, त्यात अडकलेली हवा करते. हलत नसलेली कोरडी हवा उष्णता फार हळू जाऊ देते. पाणी तिच्या वीसपटीहून जास्त वेगाने जाऊ देतं. पुढच्या सगळ्या पर्यायांत एवढंच बघायचं, की हवा किती अडकते आणि ती कोरडी राहते का.

थर्माकोल

स्टेशनरीच्या दुकानात इंची शीट मिळते. पण नवं घेण्याआधी टीव्ही-फ्रिजच्या दुकानामागे चक्कर मारा. पॅकिंगचे जाड तुकडे तिथे फुकट पडलेले असतात, आणि ते शीटपेक्षा घट्ट दाण्याचे असतात.

एकाच बादलीत आतून लावायचं तर खरी अडचण अशी की बादली वर रुंद, खाली निमुळती. शीट गोल वाकवायला गेलात तर मोडते. आठ-दहा उभ्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक खाली थोडी अरुंद, आणि पिंपाच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी बसवायच्या. कटरने दाणे उडतात आणि हाताला, केसांना, भुवयांना चिकटतात. हॅक्सॉ ब्लेडचा बारीक दात त्यातल्या त्यात बरा. आणि डिंक! पहिल्या वेळी मी रबर सोल्यूशन लावलं. दोन मिनिटांत पट्टीला खड्डे पडले, जणू उंदराने कुरतडलंय. पेट्रोलसारख्या द्रावकाचा कुठलाही डिंक किंवा स्प्रे रंग थर्माकोल खातो. पांढरा फेविकॉल लावा, रात्रभर वाळू द्या, फटींवर टेप मारा.

यात जागाही जाते. वीस लिटरची बादली बाराएक लिटरवर येते. शिवाय उघडं थर्माकोल ताकाचा, माशाचा वास धरतं आणि बाटल्या घासून झिजतं. म्हणून मला ही एकेरी बादली सहलीपुरती ठीक वाटते, धंद्याला नाही.

बादलीत बादली

माझं मत इथेच पडतं. बाहेर वीस लिटरची रंगाची बादली, आत दहा लिटरची, मध्ये बोटभर-दोन बोटं पोकळी. आत खाण्याची बादलीच घ्या. केटररकडे, मिठाईवाल्याकडे आमरसाच्या, श्रीखंडाच्या, तेलाच्या रिकाम्या बादल्या मिळतात. रंगाची बादली कितीही घासली तरी आत ताक ओतायच्या लायकीची होत नाही; बाहेरच्या अंगाला मात्र ती फार चांगली, कारण तिचं झाकण घट्ट बसतं.

खाली थर्माकोलचा दीड-दोन इंची गोल तुकडा, त्यावर आतली बादली, आणि पोकळीत भरण. भरणात तीन गोष्टी करून बघितल्या.

पॅकिंगचे थर्माकोल हाताने चुरून भरलं तर मोठे तुकडे आणि दाणे मिसळून छान बसतात. कोरडं राहिलं तर वर्षानुवर्षं तसंच.

सॉ मिलचा लाकूडभुसा जवळजवळ फुकट. बर्फाच्या कारखान्यातली लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून टेम्पोवर जाताना सगळ्यांनी पाहिली आहे. भुशाचा इतिहासही मोठा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली कलकत्त्याला जहाजाने बर्फ पाठवला. निघताना सुमारे 180 टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन उरला. त्याच्या त्या बर्फाच्या व्यापारात पुढे लाकूडभुशाचं भरण सर्रास चाललं. पण त्यांच्याकडे जहाजाचं पोट होतं, फूटभर जाड थर देता येत होता. आपल्या बोटभर पोकळीत भुसा थर्माकोलच्या निम्माच चालतो. पाव किलोच्या जागी ताशी अर्धा किलोच्या आसपास बर्फ जातो.

भाताचं तूस या दोघांच्या मधलं. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे गिरणीवर पोत्याने मिळतं. दाबून भरू नका. दाबलं की मधली हवाच निघून जाते. कुटार किंवा चिरलेला कडबा वापरायचा मोह होतो, पण त्यात माती आणि किडे असतात. मी नाही वापरणार.

आता यातली खरी गोम. आतली बादली थंड, पोकळीत शिरणारी हवा दमट. थंड तांब्याला बाहेरून घाम येतो तसा आतल्या बादलीलाही पोकळीच्या बाजूने घाम येतो, आणि तो भरणात मुरतो. माझी तुसाची पहिली बादली पहिल्याच दिवशी उत्तम चालली. पाचव्या दिवशी गाडीवर भाऊ म्हणाला, "दादा, यात काय मेलंय का?" वरची कड उघडीच ठेवली होती. तूस ओलं होऊन आंबलं होतं, हात घातला तर कोमट लागलं. म्हणजे थंड ठेवायच्या भरणातच ऊब तयार होत होती. तेव्हापासून भुसा-तूस आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवतो, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवतो, मग त्या पिशव्या पोकळीत सरकवतो. आणि दोन बादल्यांच्या कडांमधली फट सिलिकॉनने बंद करतो. पिशव्यांचा कंटाळा असेल तर सरळ थर्माकोल भरा, त्याला हा आजार होत नाही.

स्प्रे फोम

दार-खिडक्यांच्या फटी भरायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा डबा हार्डवेअरमध्ये साधारण चारशे-पाचशे रुपयांना मिळतो. उष्णता अडवण्याच्या हिशेबाने तो थर्माकोलपेक्षा थोडाच सरस. फायदा वेगळा आहे: पोकळीचा कोनाकोपरा भरतो, दोन्ही बादल्या एकजीव होतात, घाम शिरायला जागा उरत नाही. रोज आदळआपट होणाऱ्या गाडीसाठी हे मोलाचं.

पण हा फोम हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. सगळा एकदम मारला तर वरची साय धरते आणि आत आठवडाभर चिकट राहतो. तीन-चार थरांत भरा, प्रत्येक थरावर पाण्याचा हलका फवारा मारा. दुसरं, तो फुगतो. आमची आतली बादली एका बाजूने अशी आत दबली की बाटल्यांची शेवटची रांग बसेना. फोम मारण्याआधी आतली बादली पाण्याने काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे ती आकार सोडत नाही. हातमोजे घाला, वारा खेळता ठेवा, जवळ शेगडी-विडी नको. हाताला लागलेला फोम सुकला की चामडीसोबतच निघतो.

चमकणारं बबल शीट

ऑनलाइन जाहिरातीत सगळ्यात देखणं हेच दिसतं, आणि पैशाच्या मानाने सगळ्यात कमी काम हेच करतं. एक पदर जेमतेम चार मिलिमीटरचा, त्याने बर्फाचं वितळणं फार तर निम्म्यावर येतं. चकाकी उपयोगी पडते ती बादली उन्हात असेल तेव्हा, तीही चकाकती बाजू मोकळ्या हवेकडे असेल तर. दोन बादल्यांच्या मध्ये दाबून बसवलेली चकाकी वाया गेली. गाडीला छप्पर नसेल तर बाहेरून एक पदर गुंडाळा. पांढरा चुना फासलेलं गोणपाटही तेच काम जवळपास फुकटात करतं.

ओलं गोणपाट

या एका मुद्द्यावर माझं आणि मालवणला दिलेल्या धाकट्या बहिणीचं फोनवर भांडण झालं. ती म्हणाली, "भाऊ, तुझं ओलं बारदान इथे काही कामाचं नाही, नुसता कुबट वास." तिचं बरोबर, माझंही बरोबर. जळगावात मे महिन्यात 40 अंश आणि हवेत ओलावा वीस टक्के असताना वाऱ्यातलं ओलं गोणपाट बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरतं. बादलीला बाहेर 40 ऐवजी 23 अंशच भेटतात, बर्फाची जवळजवळ निम्मी बचत. मालवणात 33 अंश आणि पाऊणशे टक्के ओलावा असताना तेच गोणपाट 29 च्या खाली जात नाही.

एक चूक मात्र दोन्हीकडे टाळायची: एकेरी बादलीवर थेट ओलं गोणपाट. आत बर्फ असताना प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मुळातच बावीस अंशांहून थंड असतो, त्यामुळे ओलावा उलट उष्णता आत पोचवतो. आधी कोरडा थर, मग बाहेर ओलं. कोकणात ओलं विसरा आणि जाडी वाढवा.

झाकण

सगळे बाजूच्या भिंतींवर जीव ओततात आणि वर एकेरी प्लॅस्टिकचं झाकण ठेवतात. नीट बांधलेल्या बादलीत एकट्या बिनथराच्या झाकणातून बाकी सगळ्या अंगाच्या निम्म्याहून जास्त उष्णता येऊ शकते. आतल्या बादलीच्या तोंडात बुचासारखा बसणारा दोन इंची थर्माकोलचा गोल कापा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेप मारा, त्याला नाडीची पकड करा. वर बाहेरचं झाकण. बादलीचं तोंड वर असतं हे आपलं नशीब. थंड हवा जड, ती खालीच बसते. बाजूला दार असलेल्या डब्यात तीच भसकन बाहेर पडते.

मग घ्यायचं काय

वर्षातून दोन सहली असतील तर काहीच बनवू नका. औषधाच्या दुकानात इन्सुलिन ज्यात येतं ते थर्माकोलचे खोके बरेचदा फुकट मिळतात, ते टेपने बांधून घ्या. मासे विकणारीला दोन बादल्यांचा खटाटोप करण्यापेक्षा मासळीबाजारातला जाड थर्माकोलचा खोका बरा, कारण तिला चौकोनी जागा आणि तळाशी पाणी जायला भोक लागतं. मासे वितळलेल्या पाण्यात बुडून राहता कामा नयेत. ताक, सरबत, बाटल्यांचं तसं नाही. ते बर्फाचं पाणी काढू नका, शून्य अंशाचं पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडतं आणि नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा लवकर गार करतं. मीठही टाकू नका. ते कुल्फीच्या मडक्याचं काम. मिठाने बर्फ जास्त थंड होतो खरा, पण लवकर संपतो. आणि निळसर बर्फ ग्लासात कधीच नाही, तो खाण्याचा नसतो.

शेतावर मजुरांसाठी, क्रिकेटच्या सामन्यांना, घरच्या कार्यांना दोन बादल्या आणि चुरलेलं पॅकिंग थर्माकोल. आमचा खर्च दोन्ही बादल्या, टेप, सिलिकॉन धरून तीनशेच्या आत बसला. रोज धंद्याला लावायची असेल तर तीच बादली फोम भरून, साडेसातशे-आठशेत. त्यापलीकडे पैसे जात असतील तर विकतचा वीस-पंचवीस लिटरचा आईसबॉक्स बघा. त्याला चाकं नसली तरी निदान धड मूठ असते.

विश्वास नसेल तर घरीच पडताळा. दोन बादल्यांत सारखा बर्फ घाला, सावलीत शेजारी ठेवा, चार तासांनी पाणी मापात ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो बर्फ गेला.

भावाने फोमची घेतली. फक्त आम्ही कडीकडे बघितलं नाही. पाच किलो बर्फ, बाटल्या आणि दोन बादल्या मिळून दहा-बारा किलोंच्या घरात वजन गेलं, आणि रंगाच्या बादलीची तारेची कडी तिसऱ्या दिवशी गाडीवर चढवताना एका बाजूने निसटली. पाय वाचला, ताक नाही. आता बादलीखालून नायलॉनची दोरी आडवी-उभी घेऊन वर गाठ मारलेली आहे.